वेगळ्या वाटा, मोजकी दारे
आपल्या शाळेच्या संगणक-जाळ्याविषयी

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा वसतिगृहातील दिवसांविषयीच लिहावे असे प्रथम मनात होते. पहाटेची घंटा, हौदाचे गार पाणी, रविवारची मटकीची उसळ यांविषयी लिहिणारे माझे बंधू-भगिनी या अंकात पुष्कळ असतील. मी गेली वीस वर्षे संगणकांची जाळी जोडण्याचे काम करतो. गेल्या हिवाळ्यात आपल्याच शाळेचे जाळे नव्याने जोडण्याचे काम माझ्याकडे आले आणि कामाच्या तिसऱ्या दिवशी आठवीतील एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. उभ्याउभ्या दिलेले माझे उत्तर अपुरे होते. त्याचा राहिलेला भाग येथे लिहितो.

प्रश्न असा होता : “दादा, ऑफिसचं नेट वेगळं आणि आमचं वेगळं का केलंय? आमचं हलकं आहे काय?”

त्याने सहज विचारले असेल; मला ते सहज घेता आले नाही. ‘वेगळे ठेवणे’ या शब्दांना आपल्या घरांत इतिहास आहे. वेगळा पाणवठा, वेगळी पंगत, वर्गाच्या बाहेर बसून ऐकलेले धडे. याच कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम राजर्षी शाहू महाराजांना १९१९ साली काढावा लागला. अशा समाजातील मुलाने ‘आमचे वेगळे का’ असे विचारले, तर तांत्रिक शब्द तोंडावर फेकून निघून जाता येत नाही. जाळ्यात वेगळे नेमके काय केले, कोणासाठी केले आणि त्या वेगळेपणात दारे कोठे ठेवली, हे त्याला समजलेच पाहिजे. त्याच्या पालकांनाही समजले पाहिजे, कारण जपायची वस्तू त्यांचीच आहे.

ती वस्तू कोणती? शाळेच्या कार्यालयातील दोन संगणकांवर प्रत्येक मुलाचा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक, बँक पासबुकाचे पहिले पान, आजारपणाच्या नोंदी आणि पालकांचे भ्रमणध्वनी क्रमांक असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज तेथूनच भरले जातात. संगणक-कक्षात तीस संगणक आहेत. त्यांना रोज कोणाचा ना कोणाचा पेनड्राइव्ह लागतो. फाटकावर, जिन्यांत आणि भोजनगृहात कॅमेरे आहेत. पूर्वी हे सारे एकाच सपाट जाळ्यात होते. त्याचा एक गमतीचा परिणाम जुन्या लिपिकांनी सांगितला : एकदा बोनाफाईड छापायला गेले, तर प्रिंटरमधून एका क्रिकेटपटूचे रंगीत चित्र बाहेर आले. कक्षातील कोणी तरी ते पाठवले होते. चित्र बाहेर आले म्हणून सगळे हसले. पण ज्या वाटेने चित्र आले, त्याच वाटेने पासबुकाचे पान उलटही जाऊ शकले असते. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक धरली आहे. निवासी शाळेत तर मुलांची माहिती दिवसरात्र साठत असते.

कॅमेऱ्यांचे म्हणाल, तर ती दिसायला गरीब, पण धोक्याची जात. कॅमेराही एक लहानसा संगणकच असतो आणि त्याचा मूळ पासवर्ड बहुधा कोणी बदलत नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका घातक प्रणालीने जगभरातील असेच कॅमेरे आणि घरगुती राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डांनी उघडून आपल्या ताब्यात घेतले आणि त्यांच्या फौजेने मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. कॅमेऱ्याच्या शेजारी मुलांचे दाखले ठेवू नयेत, हे एवढ्यावरून पटावे.

आता ‘वेगळे’ म्हणजे काय, हे सांगण्यासाठी वाचकांना मी मिरजेला नेतो.

कोल्हापूरहून रेल्वेने कोठेही जायचे तर आधी मिरज गाठावी लागते. मिरज–कोल्हापूर ही लाइन १८९१ साली सुरू झाली, तेव्हा ती मीटरगेज होती. दोन रुळांत एक मीटर अंतर. १९२७ साली पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वे मिरजेत येऊन पोहोचली. ती नॅरोगेज, म्हणजे रुळांत ७६२ मिलिमीटर. १९७१ साली पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. लोंढ्याकडची मीटरगेज मात्र नव्वदच्या दशकापर्यंत टिकून होती. म्हणजे वीस-बावीस वर्षे मिरज जंक्शनात तिन्ही गेज एकाच वेळी नांदत होते. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी ते दृश्य पाहिले असेल.

स्थानक एकच, जमीन एकच, नाव एकच. पण नॅरोगेजची गाडी चुकूनही ब्रॉडगेजच्या रुळांवर जाऊ शकत नसे. तिला अडवायला फलक, झेंडा किंवा शिपाई लागत नव्हता. रुळच तसे होते. आणि मालाला एका गेजवरून दुसऱ्यावर जायचे असेल, तर तो एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. त्यासाठी ठरलेला फलाट, ठरलेले हमाल आणि बरोबर बिल्टी. याखेरीज वाट नव्हती.

संगणकांच्या जाळ्यात हेच काम ‘आभासी राउटर’ करतात. त्याचे पुस्तकी नाव ‘व्हर्च्युअल राउटिंग अँड फॉरवर्डिंग’, व्यवहारातील नाव व्हीआरएफ. तेथवर जाण्यासाठी दोन पायऱ्या चढू.

संगणक एकमेकांना जे पाठवतात ते लहान लहान पॅकेटांत पाठवतात. प्रत्येक पॅकेटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. एकाच गटातील संगणकांमध्ये पॅकेट पोहोचवतो तो स्विच; एका गटातून दुसऱ्या गटात नेतो तो राउटर. राउटरजवळ एक मार्गतक्ता असतो : अमुक पत्त्याकडे जायचे असेल तर अमुक दाराने बाहेर पड. हल्लीचे बरे स्विच ही दोन्ही कामे स्वतःच करतात. आपल्या ग्रंथालयातील कपाटात बसवलेला चोवीस पोर्टांचा स्विच असाच आहे.

आता पहिली पायरी व्हीलॅनची. एका स्विचचे पोर्ट निरनिराळ्या गटांत वाटता येतात, जणू एका स्विचचे अनेक स्विच झाले. पॅकेटावर गटाचा क्रमांक चिकटवला जातो. त्या क्रमांकासाठी बारा बिटांची जागा असल्याने असे ४०९४ गट करता येतात. पुष्कळ संस्थांत काम येथेच थांबते. व्हीलॅन केले, म्हणजे वेगळे झाले, असे समजून सगळे घरी जातात. हा समज खोटा आहे आणि तो अनेक जाणत्या माणसांतही मी पाहिला आहे. स्विच जर राउटरचेही काम करीत असेल आणि प्रत्येक गटात त्याचा स्वतःचा पत्ता असेल, तर ते सर्व गट त्याच्या एकाच मार्गतक्त्यात शेजारीशेजारी लिहिले जातात. मग कक्षातील पॅकेट स्विचकडे येते, स्विच तक्ता पाहतो, कार्यालयाची वाट त्यात असतेच, आणि तो ते पॅकेट कार्यालयात नेऊन देतो. त्याला कोणी ‘नको’ म्हटलेले नसते.

‘नको’ म्हणण्यासाठी मनाईचे नियम लिहिता येतात. पण मनाईची यादी कधी पूर्ण होत नाही. नवा गट आला, नवा नियम हवा. एक ओळ राहिली, की दार उघडे. मिरजेच्या भाषेत हे म्हणजे सर्व गाड्या एकाच गेजवर सोडून प्रत्येक सांध्यावर झेंडेवाला उभा करणे होय. एखाद्या रात्री झेंडेवाल्याला डुलकी लागतेच.

दुसरी पायरी व्हीआरएफची. येथे स्विचला सांगितले जाते, की तुझे मार्गतक्तेच वेगवेगळे ठेव. कार्यालयाचा एक, मुलांचा एक, कॅमेऱ्यांचा एक. मुलांच्या गटातून आलेले पॅकेट मुलांच्याच तक्त्यात शोधले जाते. त्या तक्त्यात कार्यालय नावाचे गावच नाही. कोणी मनाई केली म्हणून नव्हे. ती वाट अस्तित्वातच नाही म्हणून पॅकेट पोहोचत नाही. यंत्र एकच, वीज एकच, पण आत तीन राउटर एकमेकांस अनोळखी. मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट दूरसंचार कंपन्या करतात. बीएसएनएलसारखी कंपनी अनेक बँकांची खासगी जाळी त्याच तंतूंवरून नेते, आणि एका बँकेच्या एटीएमला दुसऱ्या बँकेचा सर्व्हर दिसत नाही. या पद्धतीचे मूळ वर्णन एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९९९ साली आरएफसी २५४७ या क्रमांकाच्या टिपणात केले. २००६ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आरएफसी ४३६४ म्हणून निघाली.

या पद्धतीचा आणखी एक गुण आमच्या धंद्यात फार उपयोगी पडतो. खासगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीनच पट्टे १९९४ पासून राखून ठेवलेले आहेत आणि जगातील प्रत्येक दुकानदार त्यातल्या १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर तुटून पडतो. आपल्याकडे कॅमेरे बसवणाऱ्याने तेच वापरले होते आणि कार्यालयातही तेच होते. एकाच तक्त्यात दोन गावांची नावे एक असली, तर टपाल कोठे द्यायचे? तक्ते वेगळे केले, की हा प्रश्न मिटतो. तात्पुरता मिटतो, असे म्हणायला हवे. तो पुढे पुन्हा उभा राहिला, ते सांगतोच.

येथवर भिंती झाल्या. पण नुसत्या भिंतींनी शाळा चालत नाही. ग्रंथालयाच्या सर्व्हरवर पाठ्यपुस्तके आणि व्याख्यानांच्या चित्रफिती ठेवल्या आहेत. त्या मुलांना हव्यात आणि शिक्षकांनाही. मोठा प्रिंटर एकच आहे. अधीक्षकांना स्वतःच्या टेबलावरून फाटकाचा कॅमेरा पाहावा लागतो. म्हणजे वेगवेगळ्या तक्त्यांमध्ये मोजकी देवाणघेवाण हवीच. एका तक्त्यातील निवडक वाट दुसऱ्या तक्त्यातही लिहून ठेवणे, याला आमच्याकडे ‘रूट लीकिंग’ म्हणतात. नाव वाईट आहे. लीक म्हटले, की फुटलेला नळ आठवतो, आणि ही तर जाणूनबुजून बसवलेली तोटी. मी तिला दारच म्हणतो.

दार कसे बसवतात, याच्या तीन-चार रीती आहेत. सर्वांत भाबडी रीत वायरची. स्विचच्या एका पोर्टमधून निघालेली वायर त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात खोवायची. पहिला पोर्ट मुलांच्या राउटरचा, दुसरा ग्रंथालयाच्या राउटरचा. पाहणाऱ्याला वाटते, माणसाला वेड लागले. पण दोन आभासी राउटर खऱ्या वायरने जोडले गेले, एवढाच त्याचा अर्थ. या रीतीचे मला कौतुक आहे, कारण दार डोळ्यांना दिसते आणि वायर उपसली की बंद होते. तिचे तोटेही आहेत. दोन पोर्ट खर्ची पडतात, वेग त्या पोर्टाइतकाच मिळतो आणि काही स्विच आपल्या सर्व पोर्टांना एकच हार्डवेअर-पत्ता देतात. मग पलीकडून आपलाच पत्ता ऐकून स्विच गोंधळतो आणि संभाषण सुरूच होत नाही. तो पत्ता हाताने बदलल्यावर काम होते.

दुसरी रीत म्हणजे तक्त्यात हाताने एक ओळ लिहिणे : अमुक पत्त्यासाठी पलीकडच्या राउटरचा तक्ता पाहा. लहान जाळ्याला ती पुरते. तिसरी रीत मोठ्या जाळ्यांची. तेथे बीजीपी नावाची मार्ग सांगण्याची पद्धत स्विचच्या आतच चालवतात. बाहेर कोणाशी बोलायचे नसते. स्विच स्वतःशीच बोलतो. प्रत्येक वाटेवर एक शिक्का मारला जातो, आणि प्रत्येक तक्त्याला सांगितलेले असते, की तू कोणता शिक्का मारून वाटा बाहेर द्यायच्यास आणि कोणत्या शिक्क्याच्या वाटा आत घ्यायच्यास. दोन तक्त्यांत एकाच नावाची गावे असली तरी गोंधळ होऊ नये, म्हणून चार बाइटांच्या पत्त्यापुढे आठ बाइटांची आणखी एक ओळखखूण लावली जाते. पाच-पन्नास गट असतील तर ही रीत सोन्यासारखी. आपल्याकडे चार तक्ते. मी दुसरी रीत वापरली. आणखी एक सांगतो : स्वस्त स्विचांत व्हीआरएफ नसतेच, आणि काहींत ते असते पण तक्त्यांमधले दार बसवता येत नाही. यंत्र विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

रीत कोणतीही असो, एक गोष्ट कोणत्याही दारात विसरता येत नाही, आणि ती मी एका रात्री विसरलो होतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातील एका रुग्णालयात मी जाळे जोडले. प्रयोगशाळेतील रक्त तपासणारी यंत्रे एका आभासी राउटरमध्ये आणि वॉर्डांतील संगणक दुसऱ्यात, अशी योग्य मांडणी होती. वॉर्डातून अहवाल दिसावेत म्हणून मी वॉर्डाच्या तक्त्यात प्रयोगशाळेच्या सर्व्हरची वाट लिहिली. मग स्विचवर बसूनच पिंग करून पाहिले. उत्तर आले. मी समाधानाने चहाला गेलो.

रात्री अकराच्या सुमारास फोन आला. वॉर्डातील पडद्यांवर नुसते चक्र फिरत होते. एकही अहवाल उघडत नव्हता. अतिदक्षता विभागातील एका वृद्ध बाईंच्या पोटॅशियमचा अहवाल डॉक्टरांना हवा होता. वॉर्डबॉय कागद घेऊन तीन मजले चढत-उतरत होते. मी पोहोचलो, तपासले, पुन्हा पिंग केले, पुन्हा उत्तर आले. माझ्या दृष्टीने सर्व ठीक होते आणि तरी काहीच चालत नव्हते. दीड वाजता मी माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याला झोपेतून उठवले. सारे ऐकून त्यांनी एकच विचारले : “जायची वाट दिलीस. यायची कुठं हाय?”

तीच नव्हती. वॉर्डातून निघालेले पॅकेट प्रयोगशाळेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचत होते. सर्व्हर उत्तरही पाठवत होता. ते उत्तर स्विचकडे येई, स्विच ते प्रयोगशाळेच्या तक्त्यात शोधी, आणि त्या तक्त्यात वॉर्ड नावाचे गाव नव्हते. उत्तर तेथेच टाकून दिले जाई. संगणकांचे संभाषण तर तीन पावलांच्या नमस्काराने सुरू होते : एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची, पहिल्याने ती ऐकल्याचे कळवायचे. येथे दुसरे पाऊलच हरवत होते. आणि माझ्या पिंगला उत्तर का येत होते? स्विचने पिंग करताना प्रयोगशाळेच्याच बाजूचा स्वतःचा पत्ता वापरला होता. मी घरातल्या घरात हाक मारून ‘ओ’ ऐकत होतो आणि दार उघडे आहे असे समजत होतो. एक ओळ लिहिली; पडदे उघडले. त्या बाईंचा अहवाल कागदावरून वेळेत पोहोचला होता, हे वॉर्डबॉयच्या पायांचे श्रेय, माझे नव्हे.

त्या रात्रीपासून दोन सवयी जडल्या. दार लिहिताना दोन्ही तक्ते समोर उघडे ठेवतो. आणि तपासणी स्विचवर बसून करीत नाही. जो माणूस ते जाळे वापरणार, त्याच्या खुर्चीत बसून करतो.

आता आपल्या शाळेची मांडणी. कार्यालय, मुले आणि कॅमेरे यांचे तीन तक्ते, आणि चौथा सामाईक तक्ता. त्यात ग्रंथालयाचा सर्व्हर आणि प्रिंटर. मुलांच्या तक्त्यात सामाईक गटाची सगळी वाट दिलेली नाही, फक्त सर्व्हर आणि प्रिंटर यांच्या दोन पत्त्यांची दिली आहे. मार्गतक्त्यात अधिक नेमकी वाट नेहमी आधी धरली जाते, त्यामुळे एका यंत्रापुरती वाट लिहिता येते आणि तशीच लिहावी. परतीसाठी सामाईक तक्त्यात मुलांचा गट लिहिला. कार्यालयासाठीही तसेच. गंमत अशी, की मुले आणि कार्यालय दोघेही सामाईक तक्त्याला ओळखतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. दोन घरांचा एकच वाणी असला म्हणून घरे एक होत नाहीत.

मात्र वाणी दोन्ही घरांत जातो, हे विसरून चालत नाही. ग्रंथालयाचा सर्व्हर दोघांनाही उत्तर देऊ शकतो. उद्या तोच कोणाच्या ताब्यात गेला, तर तो कार्यालयाकडे स्वतःहून पॅकेट पाठवू शकेल. म्हणून त्याने फक्त विचारलेल्याचे उत्तर द्यावे, संभाषण स्वतः सुरू करू नये, असा नियम वेगळा लिहिला. दार बसवले म्हणजे त्यावर नजर ठेवणे आपोआप होत नाही. मिरजेच्या फलाटावरील हमालाला निदान पोते दिसे. तक्त्यातील दार पोते पाहत नाही, फक्त पत्ता वाचते. पोते उघडून बिल्टीशी ताडून पाहणारा कारकून वेगळा. तो म्हणजे फायरवॉल. संभाषण कोणी सुरू केले, हे तो लक्षात ठेवतो.

तो कारकून आपण इंटरनेटच्या तोंडावर बसवला आहे. प्रत्येक आभासी राउटरची एक वायर त्याच्याकडे जाते. कॅमेऱ्यांची मात्र नाही, त्यांना बाहेर जाण्याचे काहीच कारण नाही. येथे एक सापळा असतो. ज्या पत्त्याची वाट ठाऊक नाही ते सर्व फायरवॉलकडे दे, अशी एक सरसकट ओळ प्रत्येक तक्त्यात लिहावी लागते. मग मुलांच्या संगणकावरून कोणी कार्यालयाचा पत्ता टाकला, तर मुलांच्या तक्त्यात तो नसल्याने पॅकेट फायरवॉलकडे जाते. फायरवॉलला कार्यालय ठाऊक असते. त्याला कोणी सांगितले नसेल, तर तो ते पॅकेट प्रामाणिकपणे मागे वळवून कार्यालयात नेऊन देऊ शकतो. आत बांधलेली भिंत बाहेरून वळसा घालून ओलांडली जाते. म्हणून फायरवॉलवरील पहिलीच ओळ, आतून आलेले आत परतवू नये, अशी आहे.

अधीक्षकांच्या कॅमेऱ्याच्या दारापाशी मघाचा पत्त्यांचा प्रश्न पुन्हा आला. कॅमेऱ्यांचे पत्ते आणि कार्यालयाचे पत्ते एकच. वेगळे असेपर्यंत दोघे सुखाने नांदत होते; दार उघडायचे म्हटल्याबरोबर कोण कोणते, हे कळेना. पत्ते बदलून देणारी युक्ती दारातच बसवता येते, पण अशी युक्ती पाच वर्षांनी कोणालाच आठवत नाही. म्हणून एका रविवारी सरळ कार्यालयाचे पत्ते बदलले. काम दोन तासांचे, प्रिंटरने ते चार तासांचे केले. कार्यालयातून कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरपर्यंत एक वाट, परतीची एक, आणि तीही फक्त अधीक्षकांच्या संगणकापुरती.

एकूण दारे पाच. ती कोणी, कोणासाठी आणि कधी उघडली, हे एका कागदावर मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. पुढे येणाऱ्या तंत्रज्ञाला सहावे दार हवे असेल, तर त्याने त्याच कागदावर लिहावे, अशी अधीक्षकांना विनंती केली आहे. जाळी बिघडतात ती बहुधा कोणी तरी घाईत उघडलेल्या आणि कोठेच न लिहिलेल्या दारांमुळे.

जोडणी पूर्ण झाली त्या संध्याकाळी मी त्या आठवीतील मुलाला बोलावले. तो संगणक-कक्षात त्याच्या नेहमीच्या जागी बसला. ग्रंथालयाचा सर्व्हर उघडला. विज्ञानाची चित्रफीत लागली. मग मी त्याला कार्यालयातील संगणकाचा पत्ता देऊन पिंग करायला सांगितले. काळ्या पडद्यावर चार वेळा एकच ओळ आली : रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. “आणि त्यांना आमचं दिसतं?” त्याने विचारले.

हा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला होता. आम्ही दोघे कार्यालयात गेलो. अधीक्षकांनी उठून त्याला आपली खुर्ची दिली. कक्षातील स्वतःच्या संगणकाचा पत्ता त्याने तळहातावर पेनाने लिहून आणला होता. तो पाहून त्याने एकेक आकडा टाकला आणि कळ दाबली. येथेही तीच ओळ, चार वेळा. मग त्याने न विचारता ग्रंथालयाच्या सर्व्हरचा पत्ता टाकला, आणि तीच विज्ञानाची चित्रफीत अधीक्षकांच्या पडद्यावर सुरू झाली.